गावाच्या तोंडचा व्हय

"विमल, आयक माझा. वर्साच्या गाऱ्हाण्यात माझ्या पोराचा नाव चुकवू नको गो. भावोजींका आठव करून दी. एक वर्ससुद्धा चुकवू नको."

आनंदी हे खाटेवर पडल्या पडल्या बोलली होती. विमलाची ती थोरली जाऊ. तिचा नवरा आधीच होडीबरोबर गेलेला, आणि आता तीही निघालेली. खाटेच्या खुराला धरून तिचं पोर उभं होतं. त्याला काही कळत नव्हतं, ते फक्त आईच्या हातातल्या बांगड्या मागे-पुढे करत होतं. विमलानं मान हलवली होती. तेव्हापासून तिच्या बाकीच्या नेमांत हा एक नेम वाढला. तुळशीला पाणी घालायचं, देवाकडे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, सोमवारी एकवेळ जेवायचं, आणि गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याला सांगायचं, "पोराचा नाव."

गंगाराम गावाचा मानकरी. लावणीच्या तोंडावर रवळनाथाच्या देवळात गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. सगळ्या गावाचं मागून झालं की शेवटी तो पुतण्याचं नाव घ्यायचा, आणि देवळातला सगळा गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा!"

याही वर्षी नाव घेतलं होतं. ते घेतलं म्हणूनच आज विमला तरव्यात, भाताच्या रोपांत, एकटी बसली होती.

पाऊस सारखा लागून राहिला होता. पाठीवरच्या प्लास्टिकवर तो वाजत होता आणि मानेवरून आत शिरत होता. विमला दोन्ही हातांनी रोपं उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात आपटून काढायची, मूठ बांधून मागे टाकायची. एरवी या दिवसांत तरव्यात बायकांची रांग असायची. आज हिच्या कुणग्यात, उद्या तिच्या खाचरात. कोण कुणाच्या सुनेची नक्कल करायची, कोण मध्येच गाणं म्हणायची, आणि पाठ मोडत आली तरी काम कधी सरलं ते कळायचं नाही. आता नुसता पाऊस ऐकू येत होता. पलीकडच्या मळ्यात बायका होत्या. त्यांचं हसणं यायचं, आणि विमला उभी राहिली की थांबायचं.

रोपं गुडघ्याला आली होती. शेंडे पिवळे पडायला लागले होते. तरवा म्हातारा झाला की लावून उपयोग नाही, पेंढा मिळतो, भात नाही. वरचे कुणगे गाऱ्हाण्याच्या आधी नांगरून झाले होते. खालचे तसेच पडले होते. गंगाराम तिथं कुदळ घेऊन खणत होता. साठी ओलांडलेला माणूस. दहा-बारा घाव घातले की कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा.

पाणंदीवरून मोटारसायकल गेली. विमलाच्या हातातली मूठ सुटली. हल्ली कुठलीही मोटारसायकल आली की ती आपल्या दाराशी थांबेल असं तिला वाटायचं. गाडी पुढे निघून गेली तरी बराच वेळ ती कान देऊन बसली होती.

"सुदेशाक परत एकदा इचारून येतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"नको जाव."

"टिलर फिरल्याशिवाय खालचे कुणगे होवचे नाय. तुमी किती खणतलास?"

त्यानं कुदळ उचलली.

सुदेश घरापुढच्या खळ्यात पावर टिलर धूत होता. लोखंडी चाकांना ओला चिखल होता, आत्ताच कुणाच्या तरी कुणग्यातून आलेला. विमला खळ्याच्या कडेला उभी राहिली. पायाचा चिखल लागू नये म्हणून आत गेली नाही.

"सुदेश, बाबा, आमचे खालचे कुणगे रवले रे."

"काकी, इंजीन बंद पडला. मालवणाक न्हेवचा लागतला." त्यानं वर न बघता बादली ओतली. पाणी पडलं तसं इंजिन चरचरलं आणि वाफ निघाली. दोघांनीही ती वाफ बघितली. पावसात ती लगेच विरली.

"तुमच्यावर माझो राग नाय," सुदेश हळू म्हणाला. "काकांनी माका हाताक धरून नांगर शिकवलानी. पण तुमच्या कुणग्यात गेलंय तर उद्या माका कोण बोलवचो नाय. माझो टिलर गावावर चलता, काकी."

"कोण इला रे?" आतून त्याच्या आईनं विचारलं.

सुदेश एकदा विमलाकडे बघून दाराकडे वळला. "कोण नाय," तो म्हणाला.

विमला पाणंदीनं परत निघाली. आपल्याला राग यायला हवा होता, असं तिला वाटलं. पण राग नव्हता.

गोष्ट कार्तिकातल्या जत्रेपासून सुरू झाली होती. आनंदीचं पोर कुडाळला औषधांच्या दुकानात कामाला होतं. केस वाढवले होते, नाव बदललं होतं. कागदोपत्री सगळं करून विनीतची रसिका झाली होती. घरी येऊन तिनं ते काका-काकीला सांगितलं तेव्हा गंगाराम उठून गुरं नसलेल्या गोठ्यात जाऊन बसला होता, आणि विमला देवाकडे. दोघांनाही काही कळलं नव्हतं. पण पोर आपलंच होतं, आणि भूक लागली होती, म्हणून विमलानं उठून घावणे केले. पहिल्या घावण्याला ती "विनीत" म्हणाली आणि शेवटच्याला "रसिका". एवढंच.

जत्रेला रसिका साडी नेसून देवीची ओटी भरायला बायकांच्या रांगेत उभी राहिली. रांगेत कुजबुज झाली, मग कोणीतरी ओरडलं, मग देवळाच्या कमिटीचे लोक आले. ओटी न भरताच ती परत गेली. त्यानंतर गावात दुसरा विषय नव्हता. दुकानात, एस्टीत, ग्रामसभेत. बायकांच्या रांगेत उभी राहील की नाही? बाई म्हणायचं की नाही? जो तो बोलत होता. मुंबईवाले मोबाईलवरून बोलत होते. फक्त गंगाराम बोलत नव्हता. मानकऱ्याचं मत काय, म्हणून लोक विचारायचे, आणि तो म्हणायचा, "बघूया."

गाऱ्हाण्याच्या दिवशी पहाटे तो विहिरीवरून आंघोळ करून आला. ओल्या पंच्यानं, थंडीनं कुडकुडत पडवीत उभा राहिला आणि म्हणाला, "विमल, विनीत नावाचो कोण आता आसा खंय? नसलेल्या मनशासाठी देवाकडे काय मागूचा? ता पोस्टात चुकीचो पत्तो घातल्यासारखा. मी खरा नाव घेतलंय तर?"

विमलाचा दिवा लागायचा होता. ती बोलू शकत नव्हती. तिनं नुसतं बघितलं. ती वात वळून, तेल घालून, दिवा लावून बाहेर येईपर्यंत तो देवळाकडे निघून गेला होता.

देवळात नेहमीसारखंच होतं. पुढे मानकरी, मागे पुरुष, खांबांच्या पलीकडे बायका. गाऱ्हाणं लांबलचक. वाडीवाडीचं, गुराढोरांचं, दर्यावर गेलेल्यांचं, मुंबईला असलेल्यांचं. एकेक वाक्य झालं की सगळ्यांनी हुंकार द्यायचा. हुंकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं लागत नाही, एकट्याचं बोलणं ते एकट्याचंच राहतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं कोण नीट ऐकतो? कोणी मोबाईल बघत होता, कोणी डोळे मिटून डुलत होता, आणि वाक्य खाली उतरलं की सगळ्यांची तोंडं आपोआप उघडत होती.

"बा देवा रवळनाथा," गंगाराम शेवटी म्हणाला. त्याचा आवाज जरा कापला ते फक्त विमलाला कळलं. "आमच्या घरचा चेडू रसिका, आनंदीच्या पोटचा, पोटासाठी कुडाळाक रवता. तेका तुझ्या पायाकडे घातलंय. कोण तेच्या आड येत तर तेका तू बुद्धी दी, आणि तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

मग चेडू म्हटलं, मुलगी म्हटलं, हे एकेकाच्या ध्यानात आलं. कमिटीचा अध्यक्ष दत्ताराम पुढेच बसला होता. त्याचं तोंड 'व्हय' म्हणून उघडलं होतं, ते तसंच राहिलं. कोणीतरी मागे हसला. कोणीतरी म्हणाला, "आवशीक खाव, ह्या काय म्हणलंव आमी?" आणि एकदम सगळे उठले.

त्याचं शूटिंग झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे गेलं, रसिकाच्या फोटोसकट.

सुदेशकडून परत येताना विमला विहिरीवर पाय धुवायला थांबली. शेजारची काशीबाई कळशी भरत होती. तिनं कळशी उचलली नाही, पण निघूनही गेली नाही. गाऱ्हाण्यापासून ती पहिल्यांदाच समोर आली होती.

"काशीबाय," विमला म्हणाली, "तू तरी येशीत काय गो? एकच दिवस. तरवो पिवळो पडलो."

"कशी येव?" काशीबाईचा आवाज चढला. "माझो नातू दोन दिस तापान फणफणता. माका वाटता, देवान माकाच धरल्यान."

"तुका कित्याक?"

"कित्याक म्हणान काय इचारतस? माका जा पटला नाय, ता माझ्या तोंडातसून देवाकडे गेला! जत्रेत रांगेतसून तेका काढा म्हणान बोंब मारणारी मीच. आणि देवाफुडे 'तेची राखण कर' म्हणणारी पण मीच. आता देवाकडे खोटी कोण ठरली? तुझो घोव मोकळो. तेना आपल्या मनातला सांगल्यान. आमका इचारल्यान? आमच्या तोंडाचो व्हय तेना फुकट घेतल्यान."

काशीबाईची कळशी केव्हाच भरली होती, तरी ती पाणी ओततच होती. विमलानं ते बघितलं आणि तिला कळलं की ही बाई चिडलेली नाही, घाबरलेली आहे. आपल्याइतकीच.

"नातवाक काढो दी," विमला म्हणाली. "तुळस नि आला घालून."

"दिलंय," काशीबाई म्हणाली आणि कळशी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कुणग्याकडे आली तर कुंपणाचा बेडा उघडा होता. आडवे बांबू काढून कोणीतरी नीट एकावर एक रचून ठेवले होते. घाई नव्हती त्या रचण्यात. गुरं तरव्यात शिरून, खाऊन, तुडवून गेली होती. विमला बांधाच्या मेरेवरच खाली बसली. तिला तुडवलेल्या रोपांपेक्षा ते नीट रचलेले बांबू जास्त भीतीचे वाटले.

"मागे घेया," ती म्हणाली. तिनं लग्नानंतर नवऱ्याला असं कधी सांगितलं नव्हतं. "काय बोललास ता मागे घेया. माका भिया दिसता. आज गुरा घातल्यानी, उद्या आणि काय करतले."

गंगाराम गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं वाचलेली रोपं वेचायला सुरुवात केली.

"पायाकडे घातलेला उचलूचा कसा गो?" तो म्हणाला. "देवळात जावन काय म्हणा? देवा, काल तेका तुझ्याकडे दिलंय, आता परत दी, तू राखू नको?"

माणसांची भीती तिला गेले कित्येक दिवस होतीच. आता तिच्याखालून दुसरी भीती वर आली, आणि ती जास्त जुनी होती.

तेवढ्यात पाणंदीवरून हाक आली. "काकी!"

सकाळच्या एस्टीनं रसिका आली होती. अंगात रेनकोट, पॅण्टचे पाय गुडघ्यापर्यंत वर केलेले, खांद्याला मोठी पिशवी. चपला बेड्याजवळ काढून ती सरळ कुणग्यात उतरली. तुडवलेला तरवा बघितला. काही न बोलता पिशवी मेरेवर ठेवली आणि वेचायला लागली.

तिघं दिवसभर वरच्या कुणग्यात लावत होते. रसिकाला लहानपणापासून सवय होती. अंगठ्यानं रोप दाबत ती भराभर मागे सरकायची. विमला पाठीवर हात ठेवून उभी राहिली की ती म्हणायची, "काकी, फॅशन शो मगे कर, आता लाव." विमलाला हसू आलं, आणि हसताना दुखलं. पण ओळ संपली की रसिका गप्प व्हायची. पिशवी एवढी मोठी का, हे विमलानं विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती.

दुपारी मेरेवर बसून पेज खाताना गंगारामनं विचारलं. "रजा घेतलंस?"

"मालकान सांगल्यान, थोडे दिवस खिडकीर बसू नको. लोक औषध घेवक कमी, माका बघूक जास्त येतत." रसिका पेजेत बघत बोलत होती. "आणि घरमालकीण म्हणता, बाय, तू बरी आसस, पण माझ्या घराचो फोटो मोबाईलवर इलो. खोली खाली कर."

पाऊस पेजेत पडत होता.

"काका, तुमका कोणी सांगलेला?" तिचा आवाज एकदम फाटला. "कुडाळात माका कोण वळखी नाय होता. मी गप ऱ्हवान जगत होतंय. लोक माका ताई म्हणत. तुमी देवळात नाव घेतल्यात, तुमका बरा वाटला. माका इचारलास?"

"तुझ्यासाठी मागलंय गो," गंगाराम म्हणाला. "देवाकडे."

"माका देव नको, काका. माका खोली व्हयी."

गंगारामनं हातातली वाटी खाली ठेवली. त्याच्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. विमलाला ते पुसावंसं वाटलं, पण ती हलली नाही.

"खोली देवक माझ्या हातात नाय," तो म्हणाला. "माझ्या हातात जा होता, ता दिलंय. तुका न इचारता दिलंय, ता चुकला."

पलीकडच्या मेरेवर छत्री दिसली. दत्ताराम येत होता. निसरड्या मेरेवरून जपून पावलं टाकत तो आला आणि कुणग्याच्या कोपऱ्यावर थांबला. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत ओढलेला. बोलला तो गंगारामशीच.

"गंगाराम, इषय वाढवचो नाय. सोमवारी सकाळी देवळात ये. नारळ घेवन ये. म्हण, बोलण्याच्या भरात चुकान गेला, मागे घेतंय. आमी व्हय म्हणतो. इतक्याच. मंगळवारी सगळो गाव तुझ्या कुणग्यात उतरतलो, सुदेशाचो टिलर मी स्वता घेवन येतंय."

"आणि नाय म्हणलंय तर?"

"मगे मान तुझ्या घराकडे रवाचो नाय. आणि..." त्यानं तुडवलेल्या तरव्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "माझ्या हातात सगळे नाय आसत रे. पोरा तापली आसत. ती काय करतली, माका सांगूक येवचा नाय. तुका नि माका देवळाच्या पायरीर खेळवन वाढवल्यानी, म्हणान सांगूक इलंय." मग जाता जाता, "तेका पण सांग, थोडे दिवस कुडाळाकच रव म्हणान."

"मी हंयसरच आसंय, दत्तारामकाका," रसिका म्हणाली.

दत्ताराम थांबला. त्यानं तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. चिखलानं भरलेले हात, रेनकोटातून निथळणारे केस. "तुझा वायट व्हावा असा माझ्या मनात नाय, विनीत," तो खरंच मवाळपणे म्हणाला, आणि निघाला.

रसिकानं भांडं विसळलं. परत कुणग्यात उतरताना म्हणाली, "मागे घेया काका. मी दमलंय."

गंगाराम लावत राहिला. संध्याकाळ होत आली. शेवटची मूठ संपली तेव्हा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि विमलाला म्हणाला, "काशीबाय विहिरीर काय म्हणालेली, परत सांग."

विमलानं सांगितलं. तेनं फुकट घेतल्यान म्हणाली, तेही सांगितलं.

"ता खरा आसा," गंगाराम म्हणाला. "गावाचो व्हय मी न इचारता घेतलंय. ता चोरीच. तो गावाक परत देवचो. सोमवारी ताच सांगतलंय. देवा, गाव ह्यातसून मोकळो. हेंच्या तोंडचो व्हय हेंका परत. माझो बोल मात्र माझो, तो तसोच. काय व्हायत ता माझ्यार."

"लोकांका ह्या नको आसा," रसिका म्हणाली. "लोकांका तुमचो बोल मागे व्हयो."

"तो माझ्याकडे नाय आता. दिलंय तो."

रसिका त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग गेलेला नव्हता. पण विचार करून तिनं विचारलं, "मगे व्हय कोण म्हणतलो? गाव गप रवलो तर तुमचा गाऱ्हाणा लागतला कसा?"

गंगारामनं कुदळ खांद्यावर घेतली. "माका म्हायत नाय," तो म्हणाला.

रसिका आणखी एक दिवस राहिली. उरलेला तरवा लावून झाला. खालचे कुणगे तसेच राहिले, त्यात गवत वर आलं. मालवणात एका मैत्रिणीकडे काही दिवस राहता येईल, असं तिला फोनवर कळलं होतं. विमला तिला एस्टीपर्यंत पोचवायला गेली. थांब्यावर दोन-तीन माणसं होती. या दोघींना बघून ती माणसं दुसऱ्या कडेला सरकली. विमलानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग तिला वाटलं, आपण कोणापासून लपतोय? पण पदर मागे घेतला नाही.

"सोमवारी मी येवचंय नाय," रसिका हळू म्हणाली. "काका एकटे बोलतले नि सगळे तोंडाकडे बघीत बसतले, ता माका बघवचा नाय."

"येव नको तू."

"तू जाशीत, काकी?"

देवळात ती खांबाच्या मागे उभी राहायची. गावाच्या हुंकारात तिचा हुंकार असायचा, पण तो तिला स्वतःलाही वेगळा ऐकू आला नव्हता कधी. "जायन," ती म्हणाली.

"व्हय म्हणशीत?"

एस्टी वळणावर दिसली. थांब्यावरची माणसं पुढे सरकली. विमलाला वाटलं, गाडी आली की उत्तर द्यायला लागणार नाही. पण रसिका पिशवी न उचलता उभी होती.

"म्हणान," विमला म्हणाली.

"आवाज येवक व्हयो हां. तुझो आवाज तुझ्याच कानाक जायना." रसिका हसली. तिचे डोळे भरले होते. "म्हणूक नाय जमला तरी माझो राग नाय."

"म्हणान सांगलंय मा?" विमला म्हणाली. "जा आता, गाडी सुटात."

सोमवारी गंगाराम पहाटेच विहिरीवर गेला. पंचा पिळून, कोरडं धोतर नेसून तयार झाला. नारळ घेतला नाही. पडवीत थोडा वेळ उभा राहिला. आदल्या दिवशी कमिटीचा निरोप आला होता, पुरुषांनीच यायचं, बायकांची गर्दी नको. त्यानं विमलाकडे बघितलं. तिचा दिवा लागायचा होता. तिनं त्याच्या खांद्यावरचा पंचा नीट केला. तो गेला.

विमलानं तुळशीला पाणी घातलं. वात वळताना बोटं ओली होती की घामेजली होती ते तिला कळेना. काडी दोनदा विझली. दिवा लागला तशी ती हात जोडून बसली, आणि रोज म्हणायचं ते तिला आठवेना. तिनं तोंड उघडून बघितलं. नुसती हवा आली. बाहेर मोटारसायकली जात होत्या, एकामागून एक, देवळाच्या दिशेनं. प्रत्येक आवाजाला तिचे खांदे आखडत होते. नाही गेलं तर कोण विचारणार आहे? बायकांना बोलावलेलंच नाही. घरात बसणं हेच सांगितलेलं आहे.

ती उठली. लुगड्याचा काठ खोचला, दाराला कडी घातली, कडी पुन्हा एकदा ओढून बघितली. छत्री घेतली.

काशीबाई आपल्या खळ्यात पडलेल्या पानांचा पातेरा झाडत होती. तिनं विमलाला बेड्यातून बाहेर पडताना बघितलं आणि खराटा थांबवला.

"खंय चललंस गो?"

"देवळात."

"बायकांका बोलवक नाय."

"म्हायत आसा." विमला थांबली. "नातवाचो ताप कसो आसा?"

"उतरलो." काशीबाई खराट्यावर टेकून तिच्याकडे बघत राहिली. "तुका भिया नाय दिसत?"

"दिसता," विमला म्हणाली.

पाणंदीत घोट्याएवढं पाणी वाहत होतं. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि खालचे दगड पायानं चाचपत, कडेकडेनं, ती देवळाकडे चालायला लागली.